कॅमोमाइलचा चहा घालून हलकी एल – चहा नेमका कधी आणि किती घालायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून घरी बिअर करते आहे. साध्या फिक्या एल (कोमट तापमानाला आंबवलेल्या बिअर) आता हाताला बसल्या आहेत, म्हणून यावेळी जरा वेगळं करायचं ठरवलं: साडेचार टक्के अल्कोहोलच्या आतली हलकी एल आणि तिला कॅमोमाइलच्या चहाचा वास. कॅमोमाइलचा कप नाकाशी नेला की पहिल्या वाफेबरोबर पिकल्या सफरचंदाचा, थोडा मधाचा वास येतो ना, तोच मला ग्लासात हवा होता.

मिळालं भलतंच. आधी काय केलं ते सांगते.

२० लिटरची बॅच. पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) ३.६ किलो, गव्हाचं माल्ट ४०० ग्रॅम. ६६ अंशांवर तासभर मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं), मग तासभर उकळी. उकळी फुटल्याबरोबर हॅलरटाऊ हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) ३० ग्रॅम, आल्फा अॅसिड (त्यांतलं कडूपणा देणारं द्रव्य) ४.५ टक्के. शेवटची १५ मिनिटं उरली तेव्हा कॅमोमाइलची ६० ग्रॅम वाळलेली फुलं मलमलच्या पिशवीत बांधून भांड्यात सोडली. यूएस-०५ यीस्ट, १८ अंश. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर किती ते यावरून कळतं) १.०४२, शेवटची १.००९, म्हणजे ४.३ टक्के अल्कोहोल. आंबणं अगदी वेळेत आणि स्वच्छ झालं, संसर्गाची शंका नाही.

पण चव! पहिला घोट बरा लागतो. मग जिभेच्या मागे कडवटपणा चढतो आणि हिरड्या ओढल्यासारख्या कोरड्या पडतात. चहाची पत्ती भांड्यात तशीच राहिली आणि तासाभराने तो चहा प्यायला की होतं तसं. वास घेतला तर वाळलेल्या गवताची पेंढी. सफरचंद, मध काहीच नाही. शिवाय फ्रिजमधून काढली की गढूळ दिसते आणि ग्लासात जरा गरम झाली की आपोआप निवळते.

फुलं जास्त झाली की वेळ चुकली? पुढची बॅच करण्याआधी हे नीट समजून घ्यायचं आहे.

सातूवाला

दोन्ही झालं, पण मोठी चूक वेळेची.

कॅमोमाइलचा जो वास तुम्हाला हवा आहे, तो उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. १५ मिनिटं खळखळ उकळी म्हणजे तो सगळा तुमच्या स्वयंपाकघरात पसरला. उकळताना घरभर छान वास आला असेल ना? तोच तो, ग्लासात यायचा होता. मागे उरलं ते फुलांच्या देठांतलं आणि पाकळ्यांतलं तुरट द्रव्य, टॅनिन. ते उडत नाही, उलट जितका वेळ आणि जितकी उष्णता द्याल तितकं जास्त उतरतं.

आज एक करून पाहा. दोन कप घ्या, दोन्हींत दोन-दोन ग्रॅम फुलं. एकावर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवा आणि चार मिनिटांनी गाळा. दुसरा १५ मिनिटं गॅसवर उकळा. दोन्ही कोमट झाले की शेजारी ठेवून प्या. दुसऱ्या कपात तुमची बिअर सापडेल.

रानजाई

केलं, आत्ताच. अगदी तसंच आहे. उकळलेला कप रंगानेही गडद, आणि तीच हिरड्यांवरची ओढ. चार मिनिटांच्या कपात सफरचंद आहे. हे मला आधी का सुचलं नाही, याचं वाईट वाटतंय, कारण चहा तर मी रोज करते.

आणि हो, घरभर वास आला होता. फार छान वाटलं होतं तेव्हा.

प्रयोगवही

गढूळपणाचं कारणही तेच आहे. माल्टमधली प्रथिनं आणि टॅनिन थंडीत एकमेकांना सैलसर धरून ठेवतात, त्यांचे बारीक कण दिसायला लागतात. तापमान वाढलं की पकड सुटते आणि बिअर निवळते. थोडा धूसरपणा कुठल्याही एलमध्ये येतो, पण तुमच्या बिअरमध्ये टॅनिन भरपूर, म्हणून ठळक दिसला. संसर्गाने आलेला गढूळपणा गरम केल्यावर जात नाही, तेव्हा ती काळजी सोडा. बाटल्या फ्रिजमध्ये महिनाभर उभ्या ठेवा. बराच भाग तळाशी बसेल आणि चव थोडी मऊ होईल. सफरचंद मात्र परत येणार नाही.

निवांत_संध्याकाळ

मी गरम बाजूलाच, म्हणजे आंबवण्याआधी, घालतो आणि मला चांगला अनुभव आहे, फक्त उकळीत नाही. गॅस बंद करायचा, वर्ट (माल्टचं गोड पाणी) ८० अंशांपर्यंत खाली आणायचं, मग २० लिटरला २५ ग्रॅम फुलं, झाकण लावून दहा मिनिटं. पिशवी काढायची, पिळायची नाही. लगेच थंड करायचं. तुम्ही घातली त्याच्या निम्म्याहून कमी फुलं, आणि उकळी नाही.

यात एक सोय आहे: ८० अंशांत दहा मिनिटं म्हणजे फुलांवरच्या जंतूंची चिंता उरत नाही, पुढे वेगळं काही उघडावं लागत नाही.

प्रयोगवही

निवांत, तुमची पद्धत चुकीची म्हणणार नाही. मीही तीन-चार बॅच तशाच केल्या. पण दोन गोष्टींमुळे सोडून दिली.

एक म्हणजे यीस्ट जोरात असताना कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर पडत असतो आणि जाताना वास घेऊन जातो. पहिले तीन दिवस एअरलॉकपाशी (भांड्यातला वायू बाहेर सोडणारी झडप) नाक नेलंत तर कॅमोमाइल तिथे भेटेल. तेवढा ग्लासातून कमी झाला.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गरम बाजूला घालताना आपण प्रमाण अंदाजाने ठरवतो, बिअर चाखून नाही. बिअर अजून झालेलीच नसते. फुलं ताजी की वर्षभर डब्यात पडलेली, यावरही फार फरक पडतो. २५ ग्रॅम ताजी फुलं आणि २५ ग्रॅम जुनी फुलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आता माझी रीत अशी: बिअर साधी करायची, पूर्ण आंबू द्यायची. बाटल्या भरायच्या दिवशी चहा वेगळा करायचा, चहासारखाच. आणि तो किती घालायचा हे ग्लासात ठरवायचं.

चहा असा. १.२ लिटर पाणी उकळून गॅस बंद. ३० ग्रॅम फुलं, घट्ट झाकण, पाच मिनिटं. झाकण उघडलंत तर आतल्या बाजूला थेंब दिसतील, ते परत भांड्यातच पाडा, त्यांत वास आहे. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गाळणीने गाळा. फुलं पाणी पितात, त्यामुळे हाती लिटरभराच्या आसपास येतो. भांडं झाकलेलंच ठेवून थंड पाण्यात बुडवून निववा. हा चहा पिण्याच्या चहापेक्षा खूप कडक असतो, नुसता पिऊन मत बनवू नका.

मग फर्मेंटरमधून (आंबवायच्या भांड्यातून) बिअर काढून पाच ग्लासांत मोजून १०० मिली घ्या. पहिला तसाच ठेवा. बाकीच्यांत २, ४, ६ आणि ८ मिली चहा. सुई नसलेली सिरिंज यासाठी उत्तम, चमच्याने मोजू नका. ढवळा, थोडं गार करा आणि शक्यतो घरातल्या कुणाकडून ग्लासांची जागा बदलून घ्या, म्हणजे कुठला कोणता हे तुम्हाला कळणार नाही. जो आवडेल त्याचा हिशेब सोपा: १०० मिलीला ४ मिली, म्हणजे लिटरला ४० मिली.

दोन ग्लासांत अडलात तर कमीचा निवडा. आत्ता चाखताय ती बिअर सपाट आहे. बाटलीत फेस आला की बुडबुडे वास वर आणतात, आणि कोरडेपणाही टोचरा होतो.

केशरकाडी

प्रयोगवही, नंतर चहा घातल्यावर बिअर खराब व्हायची भीती नाही का? माझी एक अख्खी बॅच याच कारणाने गेली असं मला वाटत होतं. वास असा यायचा की जखमेवर पट्टी बांधल्यासारखा, औषधी. कॅमोमाइलच होतं. तेव्हापासून वनस्पतींच्या वाटेला गेले नाही.

सातूवाला

केशरकाडी ताई, पट्टीचा, दवाखान्याचा वास म्हटलं की पहिला संशय पाण्यातल्या क्लोरीनवर घ्यायचा. क्लोरीन आणि फिनॉल (वनस्पतींत, माल्टमध्ये असणारी द्रव्यं) एकत्र आले की क्लोरोफिनॉल होतं आणि ते इतकं तीव्र की अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला कळतं. वनस्पती घातल्या की फिनॉल वाढतात. म्हणजे साध्या एलमध्ये जे लपून गेलं असतं ते इथे उघडं पडलं. काही रानटी यीस्टही असा वास देतात, पण चहासाठी नळाचं पाणी तसंच वापरलं होतं का, ते आठवून पाहा.

बहुतेकजण मॅशचं पाणी जपतात आणि नंतरच्या लिटरभर चहाचं पाणी विसरतात. साधं क्लोरीन उकळून बरंचसं जातं, क्लोरामाइन (पाण्यात घालतात ते दुसरं जंतुनाशक) सहजी जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे आपल्या बॅचला तिचा तिसरा हिस्सा चुरून घातला की काम झालं. कोळशाच्या फिल्टरचं पाणीही चालतं.

केशरकाडी

नळाचंच होतं. फर्मेंटर धुतानाही ब्लीच वापरलं होतं आणि एकदाच खळबळलं होतं. आता सगळं जुळतंय. चार वर्षं मी कॅमोमाइलला दोष देत होते!

प्रयोगवही

तुमच्या भीतीबद्दल: उकळत्या पाण्यात पाच मिनिटं राहिलेल्या फुलांवर जिवंत यीस्ट किंवा लॅक्टोबॅसिलस (आंबट करणारे जिवाणू) उरत नाहीत. काही जिवाणूंचे बीजाणू उष्णतेत टिकतात, पण तयार बिअरचा पीएच सव्वाचार-साडेचारच्या आसपास, सोबत अल्कोहोल आणि हॉप्स. तिथे ते वाढत नाहीत. धोका आहे तो चहा करून ठेवण्यात. नुसत्या चहात ना आम्ल, ना अल्कोहोल. म्हणून चहा त्याच दिवशी करायचा, त्याच दिवशी वापरायचा. रात्रभर ओट्यावर ठेवलेला चहा बिअरमध्ये घालू नका.

फुलं गार पाण्यात रात्रभर भिजवायची पद्धतही आहे. तुरटपणा कमी उतरतो हे खरं, पण फुलं कच्चीच राहतात. मला तो धोका घ्यावासा वाटत नाही. कुणी व्होडकात अर्क काढतात. तो सुरक्षित, आणि थेंबाथेंबाने घालता येतो, पण अल्कोहोलमध्ये कॅमोमाइलचा कडूपणाही चांगलाच उतरतो. पुदिन्याला व्होडका चांगली, कॅमोमाइलला गरम पाणी.

अर्धाग्लास

फुलं सुटी घ्यायची की चहाच्या पिशव्या चालतील? माझ्याकडे "शांत झोपेचा" म्हणून विकतात तो हर्बल चहा भरपूर पडून आहे.

निवांत_संध्याकाळ

डब्यावरची घटकांची यादी वाचा, मगच ठरवा. अशा मिश्रणांत ज्येष्ठमध फार वेळा असतं. त्यातला ग्लिसरायझिन गोड असतो आणि यीस्ट तो खात नाही, त्यामुळे कोरडी हलकी एल शेवटपर्यंत गोडसर लागते. एकदा कळलं की प्रत्येक घोटात तेच जाणवत राहतं. "नैसर्गिक सुगंध" असं लिहिलं असेल तर बहुधा वरून तेल मारलेलं असतं, आणि तेल फेसाचा शत्रू आहे. ग्लासात ओतल्यावर फेस येतो आणि अर्ध्या मिनिटात गायब. बर्गमोटचं (लिंबाच्या जातीच्या फळाचं) तेल लावलेल्या चहाने माझ्या एका बॅचचं असंच झालं.

फळांच्या चहात वाळलेल्या सफरचंदाचे, गुलाबफळाचे तुकडे असतात. त्यांतून साखर उतरते. असा चहा आधी हायड्रोमीटरने (ग्रॅव्हिटी मोजायच्या नळीने) मोजा. लिटरभर चहाची ग्रॅव्हिटी १.०१० आली, तर सुमारे २५ ग्रॅम साखर तुम्ही न मोजता बाटल्यांत भरताय. तितकी, बाटलीत फेस यावा म्हणून घालतो त्या साखरेतून वजा करा.

तिन्हीसांजा

एक गंभीर मुद्दा, आणि तो चवीच्या आधीचा आहे.

"पोट साफ", "वजन कमी" असं लिहिलेल्या हर्बल चहात सोनामुखी असते. ते रेचक आहे. बिअरमध्ये अजिबात नको. सेंट जॉन्स वर्ट असलेला चहा अनेक औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करतो, गर्भनिरोधक गोळ्या आणि नैराश्यावरची औषधं त्यात आली. तोही नको. कॅमोमाइल सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं आहे. ज्यांना या कुळाच्या परागांची अॅलर्जी आहे त्यांना कॅमोमाइलनेही त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही जपून राहायला हवं.

आपण स्वतःपुरतं करतो तेव्हा ठीक. पण बाटली दुसऱ्याच्या हातात देताना आत काय आहे ते लिहून द्या. चव घेऊन कुणाला कॅमोमाइल ओळखता येईलच असं नाही. आणि घरी बिअर करण्याचा कायदा आपापल्या ठिकाणचा पाहूनच भांडं चुलीवर चढवा.

सातूवाला

तिन्हीसांजा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी बाटलीच्या गळ्यात सुतळीने चिठ्ठी बांधतो. तारीख, टक्केवारी, वनस्पती.

बाकी, एलमध्ये वनस्पती घालणं हे आपलं नवं खूळ नाही. हॉप्स सर्वत्र पसरण्याआधी युरोपात ग्रूट नावाचं मिश्रण घालत, त्यात बॉग मर्टल, यारो अशा वनस्पती असत. हॉप्समुळे पेय टिकतं हे बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन मठवासिनीने लिहून ठेवलं आहे. १५१६ च्या बव्हेरियातल्या नियमात तर जव, हॉप्स आणि पाणी एवढंच राहिलं. माझ्या मते हॉप्स जिंकले ते टिकण्याच्या गुणावर. म्हणून हॉप्स काढून टाकू नका. थोडे ठेवा आणि वासाचं काम चहाला द्या.

रानजाई

सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढची बॅच रविवारी. माल्ट तेच. हॉप्स ३० वरून २२ ग्रॅमवर आणते, कारण चहाचा थोडा कडूपणा येणारच. चहाने बिअर पातळ होईल म्हणून सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४३ धरते. बरोबर आहे ना?

प्रयोगवही

बरोबर. ८०० मिली चहा १९ लिटरांत गेला तर ४.३ टक्क्यांची बिअर ४.१ च्या जवळ येते. जाणवण्याइतका फरक नाही, पण अंग आधीच हलकं असलेल्या बिअरमध्ये मीही एक-दोन अंक (ग्रॅव्हिटीच्या तिसऱ्या दशांशातले) वर धरतो.

अर्धाग्लास

मी मागच्या महिन्यात घाई केली ते सांगतो, रानजाईंना उपयोग होईल. एअरलॉक शांत झाला म्हणून सहाव्या दिवशी आल्याचा चहा घालून बाटल्या भरल्या. ग्रॅव्हिटी १.०१४ होती, मला वाटलं यीस्ट थांबलं. ते थांबलं नव्हतं. नवव्या दिवशी रात्री कपाटात स्फोट झाला, मग अजून दोन. काच दारात रुतली होती. सुदैवाने तिथे कुणी नव्हतं. उरलेल्या बाटल्या जाड हातमोजे आणि चष्मा घालून एकेक करून उघडल्या. त्यांतल्या एकीची मोजली तेव्हा १.००९.

निवांत_संध्याकाळ

कुणाला लागलं नाही हे फार बरं झालं. हायड्रोमीटरवरचा एक अंक म्हणजे ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) वायू. पाच अंक म्हणजे अडीच, वर तुमची साखर वेगळी. साधी बाटली तेवढं सहन करत नाही.

एअरलॉकवर विश्वास ठेवू नका. सलग तीन दिवस तोच आकडा आला, तरच भरा.

रानजाई *(पाच आठवड्यांनी)*

मंडळी, सांगायला आले आहे.

१.०४३ वर सुरू केली. नवव्या, दहाव्या आणि अकराव्या दिवशी १.००९, मग बाराव्या दिवशी बाटल्या. तळाचा गाळ सोडून १८.५ लिटर हाती आलं. मेटाबायसल्फाइट मॅशच्या पाण्यात घातलं आणि चहाच्या पाण्यातही, केशरकाडी ताईंमुळे आठवण राहिली.

चहा प्रयोगवहींच्या मापाने केला. पाच मिनिटांनी झाकण उचललं तेव्हा आतून थेंबांची जाळी धरली होती. ते पाडले. गाळताना फुलं पिळायचा मोह होतो, हात आवरला.

मग पाच ग्लास. तळाला चिकटपट्टीवर आकडे लिहिले आणि बहिणीला ग्लास फिरवायला सांगितले. आम्ही दोघींनी वेगवेगळं चाखलं, बोलायचं नाही असं ठरवून. ८ मिलीचा दोघींनाही लगेच कळला, तोच जुना कोरडेपणा, पण सौम्य. २ मिलीचा आणि बिनचहाचा आम्हाला वेगळे ओळखता आले नाहीत. बहिणीने ६ निवडला, मी ४. वास ६ चा जास्त होता, खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. पण "अडलात तर कमीचा" हे वाक्य आठवलं आणि ४ वर थांबले. ७४० मिली चहा.

साखर लिटरला ६ ग्रॅम, सगळे मिळून १९.२ लिटर म्हणून ११५ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून. बाटल्या भरायच्या बादलीत आधी साखरेचं पाणी आणि चहा, मग नळी तळाला टेकवून बिअर हळू सोडली, म्हणजे हवा मिसळत नाही आणि सगळं आपोआप एकसारखं होतं. २० अंशांवर दोन आठवडे, मग तीन दिवस फ्रिज.

पहिली बाटली उघडली. ग्लास अजून टेबलावरच होता आणि वास आला. सफरचंद! आधी ते, मग मध, आणि घोट गिळल्यावर माल्टची पावाच्या कडेसारखी चव. हिरड्या ओढत नाहीत. थंडीतही जवळजवळ निवळ आहे. फेस पांढरा आणि बोटभर, ग्लास संपेपर्यंत कडेला जाळी राहते. बहिणीने स्वतःहून मान्य केलं की ६ चा आता जास्त झाला असता.

जुन्या बॅचची एक बाटली शेजारी उघडली. ती महिनाभरात खरंच मऊ झाली आहे. पण दोन्ही शेजारी ठेवल्या की कुणीही सांगेल कुठली चहाची आणि कुठली काढ्याची.

प्रयोगवही

वाचून फार आनंद झाला. ताजी असतानाच संपवा. हा वास दोन-तीन महिन्यांत उतरणीला लागतो. सगळ्या बाटल्या थंडच ठेवा.

केशरकाडी

मी परत करून पाहणार. पण मला गवती चहा घालायचा आहे. तोही असाच, शेवटी?

सातूवाला

गवती चहाचं जरा वेगळं आहे ताई. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा. यीस्ट काम करत असताना घातलात तर ते सिट्रालचं जिरॅनिऑल करतं आणि जिरॅनिऑलचं पुढे सिट्रोनेलॉल. म्हणजे लिंबू मागे सरतं आणि गुलाबाकडे झुकणारा वास पुढे येतो. तोही सुंदर असतो, मी मुद्दाम तसा करतो. लिंबूच हवं असेल तर शेवटी घाला आणि महिन्याभरात प्या, सिट्राल टिकत नाही.

पाती ताजी असतील तर बारीक कापून घ्या. पाच मिनिटांऐवजी दहा द्या, कॅमोमाइलसारखी तुरट होत नाहीत.

अर्धाग्लास

आणि तो लाल हिबिस्कसचा चहा? रंगासाठी?

निवांत_संध्याकाळ

तो लाल अंबाडीचा, बागेतल्या जास्वंदीचा नव्हे. फुलाखालचा मांसल लाल भाग वाळवलेला असतो. रंग अप्रतिम, फेससुद्धा गुलाबी होतो. पण तो चांगलाच आंबट आहे आणि हॉप्सच्या कडूपणाशी त्याचं पटत नाही, म्हणून हॉप्स १० ग्रॅमवर आणा. रंग आम्लतेवर अवलंबून असतो. उकळीच्या वेळचं वर्ट कमी आम्ल, तिथे मळकट दिसतो. तयार बिअरमध्ये घातलात तर लख्ख लाल. ग्लासातली चाचणी करताना पायऱ्या ५, १०, १५ मिली अशा मोठ्या ठेवा. पुदिन्याच्या मात्र लहान, १, २, ३ मिली. पुदिना चार मिलीला सगळी बिअर गिळून टाकतो.

केशरकाडी

कुंडीतला गवती चहा आज कापला. पाणी गाळायला ठेवलं आहे. बॅच शनिवारी. निम्मी यीस्टबरोबर आणि निम्मी बाटल्या भरताना, दोन छोट्या फर्मेंटरांत. दोन्हींच्या चिठ्ठ्या लिहूनही झाल्या. कळवते.